कळंबच्या तळ्यातली कमळकाकडी

मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबते, मागे घाटाचं इंजिन जोडलं जातं आणि तेवढ्या वेळात फलाटावरचा वडा खाऊन होतो. माझं कर्जत इतकंच होतं. गेल्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या स्टेशनाच्या बाहेर पडले, तेही एका जपानी म्हाताऱ्यासाठी.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि दुभाषाचं काम करते. कारखान्यांतल्या बैठका, यंत्रांची माहितीपत्रकं, कधी एखादा करार. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, कुमामोतोचे एक गृहस्थ आहेत, मोरिता-सान. त्यांची मुलगी कर्जत तालुक्यात दिलेली आहे. ते तिच्या सासरी चालले आहेत. चार-पाच दिवस तुम्ही बरोबर राहाल का?"

"मुलीला मराठी येत नाही?"

"उत्तम येतं. पण ती म्हणते, मी मधे बोलणार नाही."

तिथंच मी नाही म्हणायला हवं होतं. पण सून जपानी आणि सासर कर्जतजवळच्या कळंबचं, हे बघायचा मोह मला आवरला नाही.

कर्जत ते कळंब

मोरिता-सान विमानतळावरून गाडी करून आले आणि स्टेशनाबाहेर मला भेटले. वय चौऱ्याहत्तर. अंगात करडा कोट, पायांत पांढरे स्वच्छ कापडी बूट, हातात एकच बॅग. ती बॅग त्यांनी ड्रायव्हरला उचलू दिली नाही. कळंबपर्यंतच्या वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. भातकापणी कधीच झालेली, वावरांत वालाचे वेल हिरवेगार, मधूनच एखाद्या रिसॉर्टची कमान आणि तिच्यावर निळ्या पाण्याच्या टाकीचं चित्र. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इथली माती चिकट आहे का?"

मी ज्वारीच्या मुलखातली, अंबाजोगाईची. इथल्या मातीबद्दल मला काय माहीत असणार? मी तसं सांगितलं. मग त्यांनी स्वतःहून आपलं काम सांगितलं. कुमामोतोत त्यांच्या घराण्याचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. तिथं एकच पदार्थ होतो, काराशी-रेनकोन. रेनकोन म्हणजे कमळाचं मूळ, आपल्या बाजारात ज्याला कमळकाकडी म्हणतात ते. ते मूळ उकडायचं, थंड करायचं, त्याच्या भोकांत मोहरी आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, ठासून भरायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग हळद घातलेल्या पिवळ्या पिठात बुडवून अख्खं तळायचं. चकत्या कापल्या की पांढऱ्या मुळात पिवळे ठिपके दिसतात, बाहेर पिवळी कड. भाताबरोबर दोन-तीन चकत्या. नाकात अशी झिणझिणी जाते की डोळ्यांतून पाणी येतं.

"आमच्याकडे समुद्राकाठी काळी चिकट माती आहे," ते म्हणाले. "त्या मातीतलं मूळ दंडाएवढं जाड होतं. दुसरीकडचं चालत नाही."

घर रस्त्यापासून आत होतं. पुढे सिमेंटची ओटी, कौलांऐवजी पत्रा, अंगणात आंब्याखाली उभी केलेली मोटारसायकल. ओटीवर एक साठीची बाई वालाच्या शेंगा निवडत बसली होती. या सुलाबाय, घरधनीण. नवरा वारून आठ वर्षं झालेली. मुलगा निलेश खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. त्याच कामाच्या प्रशिक्षणासाठी तो तीन वर्षं कुमामोतोत राहिला होता आणि मोरिता-सानच्या दुकानात कमळकाकडी घ्यायला जाता जाता त्यानं त्यांच्या मुलीशी सूत जमवलं. लग्न इथंच झालं. लग्नाला मोरिता-सान आले नव्हते. मुलीचं नाव चिए. पण कळंबला तिला सगळे चिऊ म्हणतात.

चिऊ दारात आली. पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप, हाताला पीठ. बाप-लेकीनं सहा वर्षांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघं कमरेत वाकले. सुलाबाय माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गळ्याबिळ्यात पडत नाय का गं तुमच्या जपानात?"

"आमच्या" जपानात तसं नसतं, असं मी सांगितलं.

चहा झाला. भेटवस्तू दिल्या गेल्या. मग मोरिता-सान ओटीवर गुडघे मुडपून ताठ बसले आणि सुलाबायकडे बघून बोलू लागले. मी ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेले. दुकान तीन पिढ्यांचं आहे. दोन कारागीर होते, एक वारला, दुसऱ्याचे हात थरथरतात. पत्नी गेल्या वर्षी गेली, तेव्हाही चिएला येता आलं नाही. आता मला एकट्याला होत नाही. चिएनं नवऱ्यासह परत यावं आणि दुकान सांभाळावं. त्यासाठी तुमची परवानगी मागायला आलो आहे.

सुलाबायचा हात शेंगांवरच थांबला. आत स्वयंपाकघरातली भांडी वाजायची बंद झाली.

"मी कोन परवानगी देनारी?" त्या म्हणाल्या. "ती काय माझ्या दावनीची गाय हाय? तिला इचारलं का यांनी?"

मी गायीसकट सांगितलं. मोरिता-सान म्हणाले, "फोनवर विचारलं. ती नाही म्हणाली. म्हणून तुम्हाला विचारतो आहे."

हे मी मराठीत सांगितलं. सुलाबाय शेंगांचं सुपडं उचलून आत गेल्या. त्या दिवशी जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीला दाताशी झटापट करावी लागते. ही भाकरी कापडासारखी मऊ, दुमडली तर दुमडते. मोरिता-साननी ती हातात धरून उजेडात बघितली आणि चवीनं खाल्ली. 

तळं

सकाळी मी न्हाणीकडे गेले तर सुलाबाय चुलीशी बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "झोप नाय लागली. ती गेली तर निल्या पन जाईल. मंग मी हाय आन् ह्यो पत्रा हाय. पन हे त्या म्हाताऱ्याला सांगू नको हां. ही तुझ्या कामातली गोष्ट नाय." मी मान डोलावली. दुभाषाला अशा गोष्टी कुणी सहसा सांगत नाही. लोक त्याला भिंतच समजतात.

चहाच्या वेळी मोरिता-साननी मुलीला सरळ प्रश्न केला. इथं राहून ती आयुष्यात काय करणार आहे? चिऊ म्हणाली, "काराशी-रेनकोन करते. गेल्या दोन हिवाळ्यांपासून."

"कशाचं?"

"इथल्या मुळांचं."

"दाखव," ते म्हणाले.

म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी आहे. तिच्या खालच्या अंगाला हे तळं. कमळाची पानं वाळून तपकिरी झालेली, देठ मोडून पाण्यात वाकलेले. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं, पण खाली चिखल किती आहे ते वरून कळत नव्हतं. वाडीतल्या चांगुणाबाई तळ्यात उतरल्या होत्या. या हिवाळ्यात मूळ काढतात, थोडं घरी शिजवतात, उरलेलं कर्जतला विकतात. चिऊ त्यांच्याकडूनच घेते. साडीचा कासोटा मारून त्या मांडीपर्यंत चिखलात होत्या, हात काठीवर आणि नजर भलतीकडेच, डोंगराकडे. पाय चिखलात फिरत होते. मधेच त्या थांबल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि काळं लांब मूळ ओढून वर काढलं.

"पायाला कळतं," त्या चिऊला म्हणाल्या. "डोळं कशाला पायजेत?"

मोरिता-सान काठावर पांढरे बूट सांभाळत उभे होते. त्यांनी मूळ हातात घेतलं, पाण्यानं धुतलं, खिशातल्या छोट्या सुरीनं कापलं आणि चकती डोळ्यांसमोर धरली. मूळ माझ्या मनगटाहूनही बारीक होतं. भोकं होती, पण त्यांतून जेमतेम बोरूची काडी गेली असती. त्यांनी चकती मला दिली आणि म्हणाले, "तंतू फार आहेत. भोकं लहान. यात काही भरता येणार नाही." मग थोडं थांबून, "बात्तेन, वास चांगला आहे."

'बात्तेन' हा कुमामोतोकडचा शब्द, म्हणजे 'पण'. सुलाबाय तो आदल्या दिवसापासून ऐकत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे सारखं बटन-बटन काय करतात? कोटाचं बटन तुटलं काय?" मी अर्थ सांगितला. तेव्हापासून त्या स्वतःच वाक्याच्या मधे 'बात्तेन' म्हणू लागल्या.

परतताना चिऊ माझ्याबरोबर चालली. तिचं मराठी अस्सल कळंबचं आहे, फक्त 'ल' आणि 'र' जरा डगमगतात. ती म्हणाली, "ताई, तुमाला वाटत असंल, बाप एवढा म्हातारा, पोरगी जात का नाय. दुकानात मला काय करू देत व्हते म्हाईत हाय? डबे बांधाला. कागद गुंडाळाला. मोहरी कधी कालवू दिली नाय. ते काम बाबांचं आन् कारागिरांचं. मी गल्ल्यावर बसून लांबून बघायची. मोहरीत पहिल्यांदा हात घातला तो इथं, आईंच्या चुलीसमोर."

शिळफाटा

तिसऱ्या दिवशी निलेशला कामाला सोडता सोडता आम्ही खोपोलीला गेलो. मोहरी संपली होती. वाटेत पळसदरीच्या धरणाशी पाच मिनिटं थांबलो. शनिवार होता, शहरातली मंडळी पाण्याच्या काठी फोटो काढत होती. मोरिता-सान पाण्यापेक्षा काठाची माती बघत होते. बोटांत घेऊन चोळली, झटकली, पुन्हा गाडीत बसले.

खोपोलीच्या शिळफाट्याला ट्रक, रिक्षा आणि भाजीच्या हातगाड्या एकमेकांना खेटून उभ्या असतात. एका किराणा दुकानात त्यांनी तीन पोत्यांतली मोहरी तोंडात टाकून चावली. प्रत्येक वेळी डोळे मिटून थांबायचे. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, हे साहेब लॅबवाले हायत का?" तिसऱ्या पोत्यापाशी मोरिता-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं डोळे पुसत त्यांनी त्या पोत्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिला अक्कल आहे." हे मी दुकानदाराला सांगितलं तर तो खूश होऊन मूठभर जास्त देऊ लागला.

दुपारी कळंबला स्वयंपाकघरात सगळे जमलो. सुलाबाय पाटावर, मोरिता-सान भिंतीला टेकून, मी दोघांच्या मधे. चिऊ तिच्या पद्धतीनं करत होती. मुळं आदल्या दिवशीच आंबट पाण्यात उकडून उभी करून ठेवलेली. मिसो होता वालाचा. सोयाबीन परवडत होतं, पण घरचे वाल होते, म्हणून तिनं तांदळावर बुरशी धरवून वाल आंबवले होते. पहिल्या वर्षी सुलाबायना वाटलं, नासले. त्यांनी सगळी बरणी उकिरड्यावर ओतून टाकली. "दोन दिवस माझ्याशी बोलली नाय ही," त्या मला सांगत होत्या. "दुसऱ्या वर्षी मीच राखन केली बरनीची."

कुमामोतोत मूळ भरायची रीत अशी असते की मिसोच्या ढिगाऱ्यावर मूळ उभं धरून ठोकत राहायचं. मग वाटण खालून भोकांतून चढत वर येतं. मोरिता-साननी एक मूळ घेऊन ठोकून बघितलं. दहा वेळा, वीस वेळा. बारीक भोकांत वाटण अर्ध्या पेराएवढं चढलं आणि अडकलं. त्यांनी मूळ खाली ठेवलं.

चिऊनं तेव्हा प्लॅस्टिकचा कोन काढला. मेंदीचा असतो तसाच, तिनं स्वतः गुंडाळलेला. त्यात वाटण भरलं, टोक कापलं आणि एकेक भोक वरून आणि मग उलटं करून खालून भरत गेली. वेळ लागतो त्याला.  मग परसातली हळद आणि वालाचं पीठ कालवून, आदल्या दिवशी भरून मुरत ठेवलेलं एक मूळ तिनं त्यात बुडवून कढईत सोडलं. निथळलं, निवलं, कापलं. चकत्या रुपयाएवढ्याच, पण कड पिवळीधमक आणि आत ठिपके.

मोरिता-साननी एक चकती खाल्ली. सावकाश चावली. तंतू तुटत नव्हते तोवर चावत राहिले. मग चॉपस्टिक आडव्या ठेवल्या आणि एक लांब वाक्य बोलले. त्याचा अर्थ असा की, याला काराशी-रेनकोन म्हणता येणार नाही, आणि हे नाव लावून कुणी विकलं तर माझ्या आजोबांना तोंड दाखवता येणार नाही.

सुलाबाय माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "ते म्हणतात, चव वेगळी आहे."

माझा नियम आहे, दुभाषानं स्वतःचं काही घालायचं नाही, काढायचंही नाही. वर्गात मी तो फळ्यावर लिहिते. त्या क्षणी कढईसमोर बसलेल्या चिऊची पाठ माझ्यासमोर होती आणि माझ्याच्यानं ते वाक्य झालं नाही.

सुलाबाय म्हणाल्या, "एवढा लांबलचक बोलला तो, आन् तू चार शब्दांत उरकलंस? खरं सांग गं."

चिऊ वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "सांगा ताई. मला कळलंय. आईंना पन कळू दे."

मी सगळं सांगितलं, आजोबांसकट. मला लाज वाटत होती, एकदा खोटं सांगितल्याची आणि आता खरं सांगतेय त्याचीही.

सुलाबायनी ताटलीतली एक चकती उचलून खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नाय तर नाय. मंग हे काय हाय, ते तरी सांगा म्हनावं."

मी विचारलं.  तेवढ्यात चिऊ वळली आणि बापाशी जपानीत बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता. पण थांबत नव्हती. सुलाबायनी माझा दंड धरला. "काय म्हनते?" मी चिऊकडे बघितलं. ती मराठीत म्हणाली, "सांगा. सगळं सांगा." आणि पुन्हा जपानीत सुरू झाली. बाप-लेकीचं भांडण मी त्या दुपारी सासूला वाक्यामागून वाक्य सांगितलं. इतकं अवघड काम मी कुठल्या बैठकीत केलेलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत."

ते म्हणाले, "तू कधी मागितलं नाहीस."

ती म्हणाली, "मागितलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. तुम्ही मोहरी घोटत होता. मी म्हटलं, मला शिकवा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, नवरा शोध, तो घोटेल."

ते मग म्हणाले, "मला आठवत नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली.

सुलाबाय मला म्हणाल्या, "आता काय बोलले?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठल्या आणि गॅस बंद केला. कढईतलं तेल तापून धुरावलं होतं, ते आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुन्हा तळं

चौथ्या दिवशी सकाळी मोरिता-सानच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. पांढरे बूट ओटीच्या पायरीशी नीट जोडून ठेवलेले. निलेशला सुट्टी होती. तो रस्त्याकडे धावला, चिऊ तळ्याकडे. मी तिच्या मागे.

तळ्याच्या मध्यावर ते उभे होते. पँट मांडीपर्यंत दुमडलेली, पण चिखल त्याच्याही वर गेलेला. चांगुणाबाई काठावरून हाका मारत होत्या, "बाबा, पाय हलवू नका. जेवढं हलाल तेवढं रुताल." मोरिता-सानना अर्थातच काही समजत नव्हतं. मी ओरडून जपानीत सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग बाहेर कसं यायचं?"

या प्रश्नाचं उत्तर चांगुणाबाईंनी दिलं, मी सांगितलं. आधी खाली वाकायचं, पायाभोवतीचा चिखल हातानं सैल करायचा, मग टाच वर घ्यायची. ते वाकले आणि कोटासकट बसले. चिऊ ड्रेस खोचून आत उतरली. ती गेली ती थेट, कुठं पाय टाकायचा ते तिला ठाऊक होतं. तिनं मागून त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. एक पाय सुटला, मग दुसरा. दोघं घसरत, एकमेकांना धरत काठाला आले. मोरिता-सानच्या उजव्या मुठीत वीतभर तुटकं मूळ होतं. ते त्यांनी सोडलं नव्हतं.

काठावर बसून धाप टाकत ते म्हणाले, "साठ वर्षं मी हे मूळ विकत घेतलं. धुतलेलं, पेटीत रचलेलं. एकदाही शेतात उतरलो नाही. पायाला लागतं तेव्हा कसं वाटतं, ते आज कळलं."

मी हे चांगुणाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या पन या म्हनावं. उद्या दोन सापडतील."

चिऊ हसू लागली. मग तिला रडू आलं. चिखलाच्या हातांनी तिला डोळे पुसता येईनात, म्हणून तिनं तोंड बापाच्या बाहीला घासलं. बाहीलाही चिखलच होता. ते तसेच बसून राहिले आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत ती उठूनही गेली.

सुलाबायनी बंबभर पाणी तापवलं आणि व्याह्यांना निलेशचा शर्ट नि लेंगा दिला. कोट दोरीवर वाळत पडला. त्या वेशात ते दुपारी वावरात आले, पोपटी लावायला. पोपटी या भागात वालाच्या शेंगा भरल्या की घरोघर होते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा उग्र वासाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. त्या दिवशी सुलाबायनी उरलेली कमळकाकडीही तुकडे करून आत घातली. कुणाला विचारलं नाही. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र झालं, म्हणजे शिजलं. कागदावर सगळं ओतलं आणि आम्ही भोवती बसलो.

मोरिता-साननी कमळकाकडीचा तुकडा खाल्ला. भांबुर्डीचा वास मुरलेला, थोडा जळका. त्यांनी विचारलं, "ही खरी पोपटी कुठली समजतात?"

सुलाबाय म्हणाल्या, "अलिबागवाले म्हनतात त्यांची. पेनवाले म्हनतात त्यांची. आमी म्हनतो आमची. बात्तेन, कुनी कुनाच्या मडक्यात बघाला जात नाय."

मी सांगितलं. चार दिवसांत ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. सुलाबायना वाटलं, आपण 'बात्तेन' चुकीचं म्हटलं.

निरोप

पाचव्या दिवशी निघताना मोरिता-सान ओटीवर पुन्हा गुडघे मुडपून बसले. पहिल्या दिवशी केलेली मागणी आपण परत घेत आहोत, असं ते सुलाबायना म्हणाले. दुकान वसंतात बंद करू. तुम्ही माझ्या मुलीला घर दिलंत, त्याचे आभार मानायला मला सहा वर्षं उशीर झाला. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. सुलाबायनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सांग त्याला, हिवाळ्यात येत जा. इथं काय थंडी नाय."

मग ते चिऊला आत घेऊन गेले. स्वयंपाकघरातून बापाचा आवाज येत होता. पाणी कोमट घे. गरम घेतलंस तर मोहरी मरते. कालवल्यावर भांडं झाकून उलटं ठेव, मग तिला राग येतो. वालाच्या मिसोला मीठ कमी पडतंय. तंतू जास्त आहेत, तर चकती अर्धी पातळ काप. सुलाबायनी मला कोपरानं ढोसलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "शिकवतायत." त्या नुसतं "हूं" म्हणाल्या आणि डबा भरायला उठल्या.

पुढचं इथंच सांगून टाकते. दुकान वसंतात बंद झालं. चिऊनं मला फोटो पाठवला होता, खाली ओढलेल्या शटरचा. दर रविवारी बाप-लेक फोनवर असतात, ती बरणी कॅमेऱ्यासमोर धरते आणि ते रंग बघून सांगतात. ती कमळकाकडी हिवाळ्यातच करते, जवळच्या दोन रिसॉर्टांना देते, चांगुणाबाईंच्या वाडीतल्या आणखी दोघी आता तिच्यासाठी मूळ काढतात. डब्यावर तिनं काय नाव घालायचं ते अजून ठरलेलं नाही. सध्या 'कळंबची मोहरी-कमळकाकडी' लिहिते.

त्या दिवशी मी मोरिता-सानना विमानतळापर्यंत पोचवायला गेले. सुलाबायनी दिलेला स्टीलचा डबा त्यांच्या मांडीवर होता. कर्जत मागे पडलं, चौकच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी रांगेत उभी राहिली. त्यांनी डबा उघडला. आत चिऊच्या चकत्या होत्या, आता अर्ध्या पातळ कापलेल्या. मोरिता-सान फार रीतीचे गृहस्थ. त्या पाच दिवसांत तुम्हाला हवं का, असं मला विचारल्याशिवाय त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

त्यांनी एक चकती खाल्ली. खिडकीबाहेर बघत राहिले. मग दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, नाक ओढलं, रुमाल काढला, पुन्हा खाऊ लागले. रांग हलली, थांबली, हलली.  पनवेल यायच्या आत डबा रिकामा झाला. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही.